पतसंस्थेच्या नव्या इमारतीत केवळ देशी बनावटीचे साहित्य वापरणे कितपत शक्य आहे?

गोदाकाठ (प्रश्नकर्ता)

नमस्कार. नाशिकमधील एका पतसंस्थेच्या इमारत उपसमितीचा मी सदस्य आहे. मी अभियंता नाही, आयुष्य शिक्षकी पेशात गेले, त्यामुळे प्रश्नात तांत्रिक चूक आढळल्यास ती सांभाळून घ्यावी.

संस्थेच्या मुख्य कार्यालयासाठी तळमजला अधिक चार मजले, एकूण सुमारे बत्तीस हजार चौरस फूट, असे बांधकाम मंजूर झाले आहे. तळमजल्यावर शाखा आणि तिजोरीची खोली, पहिल्या मजल्यावर प्रशासन आणि वरचे तीन मजले भाड्याने द्यायचे, अशी योजना आहे. गेल्या वार्षिक सभेत एका ज्येष्ठ सभासदाने ‘आपल्या ठेवीदारांच्या पैशांतून उभ्या राहणाऱ्या इमारतीत परदेशी बनावटीचे साहित्य वापरू नये’ असा ठराव मांडला आणि तो टाळ्यांच्या गजरात एकमताने संमत झाला. अडचण पुढे सुरू झाली. आमच्या आर्किटेक्टनी दर्शनी बाजूला पूर्ण काच, प्रवेशकक्षात इटालियन संगमरवर, दोन लिफ्ट आणि व्हीआरएफ पद्धतीची (एकाच बाह्य यंत्रावर अनेक खोल्या थंड करणारी) वातानुकूलन यंत्रणा सुचवली आहे, आणि ठराव तंतोतंत पाळणे अशक्य आहे असे त्यांचे म्हणणे आहे. ठेकेदार मात्र छातीठोकपणे सांगतो की, ‘साहेब, सगळा माल आयएसआय मार्कचा आहे, म्हणजे स्वदेशीच झाला की!’

या दोघांपैकी बरोबर कोण? कोणत्या बाबींत देशी माल निश्चिंतपणे घेता येईल, कोणत्या बाबींत तडजोड करावी लागेल, आणि आलेला माल खरोखर देशी आहे हे आमच्यासारख्यांनी कसे पडताळावे? पुढच्या महिन्यात निविदा काढायची आहे.

ओळंबा

नमस्कार सर. शासकीय बांधकामांवर बरीच वर्षे काढल्यानंतर आता मी खासगी सल्लागार म्हणून काम करतो. आपले आर्किटेक्ट अर्धे बरोबर आहेत आणि ठेकेदार पूर्ण चूक आहे. त्याचे वाक्य निविदेत जसेच्या तसे उतरले तर ठरावाला काही अर्थ राहणार नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

आयएसआय चिन्हाचा अर्थ ‘हा माल भारतीय मानकानुसार आहे’ एवढाच होतो. तो भारतात बनला, असे ते चिन्ह सांगत नाही. भारतीय मानक ब्यूरो (बीआयएस) परदेशांतील कारखान्यांनाही परवाने देते, कारण गेल्या काही वर्षांत अनेक वस्तूंना गुणवत्ता नियंत्रण आदेशांखाली हे चिन्ह सक्तीचे झाले आणि आयात करणाऱ्यांनाही ते घेणे भाग पडले. त्यामुळे परदेशी बनावटीच्या मालावर आयएसआय चिन्ह असणे ही अगदी कायदेशीर आणि नेहमीची गोष्ट आहे. चिन्हासोबत सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या मोबाईल अॅपमध्ये घातला की परवानाधारक कारखान्याचे नाव आणि पत्ता दिसतो. ही तपासणी आपण स्वतः, कोणत्याही अभियंत्याविना, दोन मिनिटांत करू शकता.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. इमारतीचा सांगाडा, म्हणजे आरसीसी, विटा किंवा ब्लॉक, गिलावा आणि फरशी, या भागात परदेशी मालाचा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. सिमेंट आपल्याकडे बहुधा चंद्रपूर पट्ट्यातून, कर्नाटकातून किंवा दळण केंद्रांतून येते, सळई जालन्याहून किंवा मोठ्या पोलाद कारखान्यांतून, आणि खडी तर आपल्या पायाखालच्या बेसाल्टचीच. नदीच्या वाळूचा हट्ट सोडून धुतलेली क्रश सँड घ्यावी. आयएस ३८३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने दगड फोडून केलेल्या वाळूत ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक भुकटीला १५ टक्क्यांपर्यंत मुभा दिली आहे, पण ही मर्यादा ओलांडलेला माल नाशिक परिसरातल्या क्रशरवर सर्रास दिसतो, म्हणून प्रत्येक खेपेची चाळणी चाचणी अवश्य मागावी. एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र जवळ असल्यामुळे राखेच्या विटा आणि राख मिसळलेले पीपीसी सिमेंट यांचाही विचार करावा. पीपीसीत राखेचे प्रमाण १५ ते ३५ टक्के असते आणि सुरुवातीची ताकद थोडी सावकाश येते, म्हणून आयएस ४५६ प्रमाणे त्याच्या काँक्रीटला साध्या सिमेंटच्या किमान सात दिवसांऐवजी किमान दहा दिवस पाणी मारावे लागते. ठेकेदार घाईत असला की नेमके हेच तीन दिवस खातो.

सळईविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पैसाही तिथे जातो आणि फसवणूकही तिथेच होते. एफई ५०० ऐवजी एफई ५००डी या प्रतीची सळई मागावी. आयएस १७८६ नुसार साध्या ५०० प्रतीत ताणल्यावर किमान १२ टक्के लांबी वाढणे अपेक्षित आहे, तर डी प्रतीत १६ टक्के, शिवाय गंधक आणि स्फुरद यांच्या मर्यादाही डी प्रतीत अधिक कडक आहेत. भूकंपात सळई तुटण्याआधी वाकली पाहिजे, त्यासाठी हा फरक आहे. माल उतरताना प्रत्येक भाऱ्याला लावलेल्या पत्र्याच्या चिठ्ठीवरचा हीट क्रमांक (पोलादाच्या त्या ओतीचा क्रमांक) आणि सोबत आलेल्या मिल टेस्ट सर्टिफिकेटवरचा, म्हणजे कारखान्याच्या चाचणी दाखल्यावरचा, क्रमांक जुळवून पाहावा. त्यानंतर १२ मिमी सळईचा बरोबर एक मीटरचा तुकडा कापून तो वजनकाट्यावर ठेवावा. त्याचे वजन ८८८ ग्रॅम भरले पाहिजे आणि पाच टक्के कमी-अधिक चालते, म्हणजे ८४४ ते ९३२ ग्रॅम. भाजीवाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटाही या कामाला पुरतो. मी एका साइटवर तोच वापरला आहे.

तरीही ‘शंभर टक्के स्वदेशी’ हा शब्द सांगाड्यालाही लागू पडत नाही, हे सभासदांना आधीच सांगून ठेवावे. आपल्या मोठ्या पोलाद कारखान्यांना लागणारा कोकिंग कोळसा प्रामुख्याने ऑस्ट्रेलियासारख्या देशांतून येतो, आणि भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्यांत आयात भंगारही पडते. पीव्हीसी पाइपच्या राळेचा मोठा वाटा आयात होतो. २०१८ मध्ये थूथुकुडीचा तांबे कारखाना बंद पडल्यापासून शुद्ध तांब्याच्या बाबतीत देशाची आयात निर्यातीपेक्षा जास्त झाली, म्हणजे भारतात बनलेल्या केबलमधली तार कुठली, हा प्रश्न उरतोच. एवढ्या खोलात शिरले तर विटेपलीकडे काहीच बांधता येणार नाही. म्हणून रेषा कुठे ओढायची, ते समितीने ठरवावे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या पोलाद खरेदी धोरणाच्या पुढच्या आवृत्तीत पोलाद ‘देशातच वितळवलेले आणि ओतलेले’ असावे अशी कसोटी आली आहे. भंगार कुठून आले याची ती चौकशी करत नाही. मला ही रेषा व्यवहार्य वाटते.

काचकाम

मी फसाडच्या, म्हणजे इमारतींच्या दर्शनी आच्छादनाच्या, व्यवसायात आहे, त्यामुळे केवळ काचेपुरते लिहितो.

काच स्वतः भारतात उत्तम बनते. फ्लोट काचेचे (सपाट मूळ काचेचे) कारखाने अगदी तळोज्यापासून तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूरपर्यंत आहेत, आणि उष्णता परतवणारा लेप दिलेली काचही देशात तयार होते. अॅल्युमिनियमच्या बाबतीत तर आपण निर्यातदार देश आहोत. खरी आयात लहान वस्तूंत असते: काचेच्या दारांचे फ्लोअर स्प्रिंग, स्पायडर फिटिंग, बिजागऱ्या, स्ट्रक्चरल सिलिकॉन. त्यांची किंमत एकूण कामाच्या मानाने किरकोळ असते, पण सगळी काच त्यांच्यावरच तोललेली असते. या बाबतीत केवळ ठरावासाठी अनोळखी देशी माल घेऊ नये. चाचणी अहवाल असलेला देशी माल मिळाला तर अवश्य घ्यावा, नाहीतर समितीने लेखी अपवाद करावा.

उलट बाजूचाही एक अनुभव सांगतो. पुण्यातील एका व्यापारी इमारतीत मालकाच्या आग्रहावरून आम्ही युनिटाइज्ड पद्धतीची संपूर्ण दर्शनी काच, चौकटीसह, परदेशातून तयार मागवली होती. दर खरोखरच कमी पडला होता आणि मीही त्यावर खूश होतो. ताबा दिल्यानंतर सात महिन्यांनी, एका दुपारी, तिसऱ्या मजल्यावरची एक टफन्ड (तापवून कणखर केलेली) काच कोणी हात न लावता फुटली. टफन्ड काचेत निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण राहिला तर असे घडू शकते. ते टाळण्यासाठी कारखान्यात काच पुन्हा तापवून ‘हीट सोक’ चाचणी करतात, आणि आमच्या करारात ती नमूद केलेली असूनही तिचा अहवाल आम्ही कधी मागितलाच नव्हता. ती चूक सर्वस्वी माझी होती. त्याच छटेची एक काच मागवायला पुरवठादाराने किमान मागणीची अट घातली आणि जहाज, बंदर, कस्टम या सगळ्या सोपस्कारांत साडेतीन महिने गेले. तोवर त्या चौकटीत प्लायवूड ठोकलेले होते, आणि भाडेकरूने त्या काळाचे भाडे कापून घेतले. देशी काच असती तर बदली काच बसायला दोन-तीन आठवडे पुरले असते, असा माझा अनुभव आहे. दरपत्रकात हा खर्च कुठेच दिसत नाही.

आणखी एक बारकावा आहे. काचेच्या कोपऱ्यात जो छोटा शिक्का असतो तो काच टफन करणाऱ्या कारखान्याचा असतो. मूळ फ्लोट काच कुठली, हे त्यावरून कळत नाही, त्यासाठी त्या कारखान्याने मूळ काच खरेदी केल्याचे बिल मागावे लागते. ठेकेदार कुरकुर करेल, पण निविदेत आधीच लिहिलेले असले तर बिल देतो.

ओळंबा

काचेचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट राहून जाऊ नये. आपल्या इमारतीचे तोंड पश्चिमेला असेल, तर नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात पूर्ण काचेची भिंत म्हणजे आतल्या माणसांना भट्टी आणि वीजबिलाला आमंत्रण आहे. २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेतही बाह्य भिंतींच्या क्षेत्रफळात काचेचे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंतच धरलेले आहे. काळाराम मंदिराच्या शहरात दर्शनी भागाला काळ्या दगडाचे आच्छादन, खोल खिडक्या आणि त्यांवर छज्जे, असा आराखडा आर्किटेक्टना सुचवून पाहावा. काच कमी झाली की वातानुकूलन यंत्रणाही लहान लागते, आणि आयात होणारे सुटे भाग जास्त असलेली बाब आपोआप आटोपते. ठराव पाळण्याचा सर्वात स्वस्त मार्ग मला हा दिसतो, आणि तो निविदेच्या आधी, नकाशावरच घ्यावा लागतो.

इटालियन संगमरवराबद्दल वाद घालण्यातच अर्थ नाही. प्रवेशकक्षाला राजस्थानचा संगमरवर किंवा दक्षिणेचा ग्रॅनाइट, वरच्या मजल्यांना मोरबीच्या व्हिट्रिफाइड टाइल आणि जिन्याला कोटा किंवा कडप्पा घ्यावा. बँकेच्या गर्दीत, पावसाळी चपलांखाली, इटालियन दगडावर पहिल्या वर्षातच डाग पडतात.

जमाखर्च

मी सनदी लेखापाल आहे. काही शासकीय पुरवठादारांना स्थानिक मूल्याची प्रमाणपत्रे दिलेली असल्यामुळे हिशेबाची बाजू सांगतो.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या ‘मेक इन इंडिया’ प्राधान्य आदेशानुसार ज्या वस्तूत ५० टक्के किंवा अधिक स्थानिक मूल्य आहे तिचा पुरवठादार पहिल्या वर्गाचा, आणि २० ते ५० टक्क्यांच्या दरम्यानचा दुसऱ्या वर्गाचा मानला जातो. हा आदेश केंद्राच्या खरेदीसाठी आहे आणि आपल्या पतसंस्थेवर तो बंधनकारक नाही, पण त्यातली व्याख्या उसनी घ्यायला कोणाची हरकत नाही. स्थानिक मूल्य म्हणजे वस्तूच्या करविरहित किमतीतून आयात भागांची किंमत, सीमाशुल्कासह, वजा करून उरणारा हिस्सा.

कागदावर हे सोपे दिसते, पण लिफ्टचे उदाहरण घ्या. समजा लिफ्टचा दर २४ लाख रुपये आहे, आणि त्यात गिअरलेस मशीन, कंट्रोलर वगैरे आयात भाग ११ लाखांचे आहेत. पुरवठादार सांगेल की उरलेले १३ लाख स्थानिक आहेत, म्हणजे ५४ टक्के, आणि आम्ही पहिल्या वर्गात बसलो. परंतु त्या २४ लाखांत बसवणी आणि पहिल्या वर्षाची देखभाल यांचे ४ लाख धरलेले असतात, आणि वाहतूक, विमा, बसवणी, प्रशिक्षण, विक्रीनंतरची सेवा हे स्थानिक मूल्य म्हणून दाखवता येत नाही, असे केंद्राने २०२१ मध्येच स्पष्ट केले आहे. ते बाजूला काढले की २० लाखांच्या वस्तूत ९ लाख स्थानिक उरतात, म्हणजे ४५ टक्के, आणि तोच पुरवठादार दुसऱ्या वर्गात जातो. प्रमाणपत्र मागताना हा तपशील रकान्यांसह मागावा. केंद्राच्या व्यवस्थेत दहा कोटींपेक्षा मोठ्या खरेदीसाठी लेखापरीक्षकाचे किंवा परिव्यय लेखापालाचे प्रमाणपत्र लागते आणि त्याखाली स्वयंघोषणा चालते. आपल्या कामात एकही बाब दहा कोटींची नसेल, म्हणून स्वयंघोषणेवर भागवावे आणि खोटी निघाल्यास रक्कम रोखण्याची अट घालावी.

सळई

वरच्या सगळ्या चर्चेशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु एक इशारा द्यावासा वाटतो. अग्निशमन आणि विजेच्या बाबतीत ठरावाचा अभिमान मध्ये आणू नये. वरचे मजले एखाद्या मोठ्या कंपनीला भाड्याने गेले तर तिचे विमासल्लागार स्प्रिंकलर, व्हॉल्व्ह आणि धूरशोधकांसाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणन मागतात, आणि ते नसले तर भाडेकरार अडतो. सुदैवाने असे प्रमाणन असलेले स्प्रिंकलर आपल्या जळगावातच तयार होतात, त्यामुळे तिथे दोन्ही साधते. धूरशोधकांच्या बाबतीत मात्र तसे सहज साधेल असे मला वाटत नाही.

गोदाकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. ओळंबा यांचा सल्ला मानून परवा ठेकेदाराच्या नमुना खोलीत जाऊन बसलो. केबलचा, नळांचा आणि फ्लश दारांचा परवाना क्रमांक तपासला, तिन्ही पत्ते भारतातले निघाले. विजेच्या पेटीतल्या एमसीबीचा क्रमांक टाकला तेव्हा मात्र पत्ता परदेशी कारखान्याचा आला, आणि खोक्याच्या खालच्या बाजूला, किमतीच्या चिठ्ठीखाली अर्धवट झाकलेला, आयातदाराचा पत्ता आणि मूळ देश छापलेला सापडला. ठेकेदाराला दाखवल्यावर तो इतकेच म्हणाला, ‘सर, कंपनी तर आपलीच आहे ना!’ नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत विजेचे स्विचगिअर बनत असताना ही वस्तू समुद्र ओलांडून यावी, याचे मला वाईट वाटले.

आर्किटेक्टही काच निम्म्यावर आणायला तयार झाले आहेत, आणि दगडी आच्छादनाची कल्पना त्यांना मनापासून आवडलेली दिसते. उपसमितीपुढे ठेवण्यासाठी मी पुढील मसुदा केला आहे: ‘कामातील सर्व साहित्य भारतीय ब्रँडचे असावे. लिफ्ट, वातानुकूलन व अग्निशोधक यंत्रणांमध्ये स्थानिक मूल्य किमान ५० टक्के असावे. अपवाद केवळ उपसमितीच्या लेखी संमतीने करता येईल.’ यात काही सुचवायचे असल्यास कृपया सांगावे.

ओळंबा

सर, पहिल्याच वाक्यातला ‘भारतीय ब्रँडचे’ हा शब्द काढून ‘भारतातील कारखान्यात उत्पादित’ असे लिहावे, कारण आपली एमसीबी भारतीय ब्रँडचीच होती. उलट परदेशी नावाच्या कित्येक कंपन्यांचे कारखाने चाकण आणि नाशिकमध्ये आहेत, त्यांना आपण विनाकारण बाहेर ठेवाल. पोलादासाठी ‘देशात वितळवलेले व ओतलेले’ ही अट स्वतंत्र ओळीत घालावी. यंत्रणांसाठी ५० टक्क्यांऐवजी लिफ्टला ४०, वातानुकूलनाला ४० आणि अग्निशोधकांना कोणतीही टक्केवारी न ठेवता केवळ प्रमाणन, असे सुचवतो, नाहीतर निविदेला एकच उत्तर येईल आणि तेही चढ्या दराचे. बसवणी वगळून हिशेब, हे जमाखर्च यांचे वाक्य जसेच्या तसे घ्यावे.

मसुदा ठीक झाला तरी निविदेच्या मागे जोडलेल्या मेक लिस्टकडे (मान्य कंपन्यांच्या यादीकडे) एकदा नीट पाहावे. प्रत्येक बाबीपुढे तीन नावे आणि चौथ्या जागी ‘किंवा समतुल्य’ असे छापलेले असते, आणि बाहेरचा माल त्याच दोन शब्दांतून आत येतो. ते शब्द पूर्ण खोडले तर ठेकेदार अडतो, म्हणून त्यापुढे ‘उत्पादनस्थळाच्या पुराव्यासह, माल मागवण्यापूर्वी उपसमितीची लेखी मान्यता घेऊन’ एवढे हाताने जोडावे आणि प्रत्येक पानावर ठेकेदाराची सही घ्यावी.

काचकाम

आणि काचेच्या ओळीपुढे ‘हीट सोक चाचणीचा अहवाल माल उतरण्यापूर्वी’ असेही लिहावे. शिवाय प्रत्येक मापाच्या दोन जादा काचा पहिल्याच खेपेत मागवून तळमजल्यावरच्या एखाद्या कोरड्या खोलीत उभ्या ठेवाव्यात, आडव्या नव्हे.

गोदाकाठ (प्रश्नकर्ता)

दोन्ही दुरुस्त्या मसुद्यात घेतल्या आहेत. जादा काचांसाठी जिन्याखालची खोली आर्किटेक्टनी आजच नकाशात दाखवली. उपसमितीची बैठक पुढच्या गुरुवारी आहे, तिथे काय ठरते ते इथे कळवीन.